शाहिरांनी घातलेली शपथ

नाहूरचे तुकाराम घवाळी म्हणजे शक्ती-तुऱ्याचे शाहीर. त्या सामन्यात दोन शाहीर गाण्यातूनच एकमेकांना टोले हाणतात. पण घवाळींचं गाणं आधी पास व्हायचं ते त्यांच्या बायकोकडून, सुलभावहिनींकडून. त्यांनी नाक मुरडलं की गाणं रद्द.

मुलुंडच्या सामन्यात समोरच्या देखण्या शाहिराने गवळण गायली आणि प्रेक्षकांतून ठसक्यात "वाह!" आलं. ते नेमकं वहिनींचं!

घरी शाहीर पेटले. "तो गातो म्हणून वाह, की दिसतो म्हणून?"

"अहो, गवळण झकास होती."

"यापुढे दाद फक्त मला द्यायची. घे गणपतीची शपथ!"

वहिनींनी शपथ घेतली.

आता शाहिरांनी नवी गवळण रचून त्यांना ऐकवली.

"वाह!"

शाहिरांना शंका आली. मध्येच बटाट्याच्या भाजीवर एक ओळ घुसडून ते पुन्हा गायले.

"वाह!"

"अगं, खरं सांग ना! लोक हसतील मला."

"शपथ कोणी घातली? दाद तुम्हालाच द्यायची ना, मग देतेय!" वहिनी मेथी निवडत म्हणाल्या.

शपथ सोडवावी, तर शनिवारच्या सामन्यात समोर तोच देखणा उभा राहणार होता आणि वहिनींचं "वाह!" पुन्हा त्याला जाणार होतं. न सोडवावी, तर गवळण बरी की भिकार, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. घाम पुसत शाहिरांनी गवळण परत पहिल्यापासून धरली.