न उमटलेला डाग

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रोज सकाळी नवऱ्याचं मनगट धरून बसणारी बाई आमच्या वाडीत मी एकटीच होते. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या. नाडी कशी बघायची ते रत्नागिरीच्या डॉक्टरांनी शिकवलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यात काय, ठोके मोजायचे आणि मोकळं व्हायचं. पण यांच्या नाडीत मोजण्यासारखं काही नव्हतंच. दोन ठोके घाईघाईने यायचे, मग काहीच नाही, मग एक दबका, मग पाठोपाठ तीन. पाऊस ओसरल्यावर पन्हळीतून पाणी ठिबकतं तसं. पुढचा ठोका येईपर्यंत मी श्वास रोखून धरायचे आणि हे म्हणायचे, "मी जिता हाय गो, तू श्वास घे."

दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. ते आमच्या जिभेवर काही बसलं नाही, आम्ही नुसतं 'ठोक्याचं दुखणं' म्हणायचो. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून समजावलं होतं. वरचे कप्पे नीट आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त रेंगाळतं, साकळतं. त्यातली एखादी गुठळी सुटून मेंदूत गेली की अंगावरून वारं जातं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, कायमची. "ही चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना बघत होते माझ्याकडे. माणसाची पारख त्यांना बरोबर होती.

हे एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. गाड्यांची इंजिनं नीट करण्यात जन्म गेला, त्यामुळे आपल्या शरीराबद्दलही आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज. गोळीचा एकच त्रास त्यांना सलायचा. कुठे जरा लागलं की काळंनिळं व्हायचं. दाराची कडी घासली तरी दंडावर डाग. दाढी करताना कापलं की टॉवेल खराब. मी म्हणायचे, दिसू दे डाग, गोळी काम करते आहे. ते तोंड फिरवायचे.

आमच्या गावच्या देवीची पालखी शिमग्यात घरोघरी येते. ती नाचवताना पुढचा दांडा खांद्यावर घेण्याचा मान आमच्या घराचा. सासऱ्यांनंतर तो यांच्याकडे आला. गोळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या शिमग्यात यांनी पालखी नाचवली आणि दुसऱ्या दिवशी खांद्यापासून कोपरापर्यंत सगळा हात पिकल्या जांभळासारखा झाला. धाकटे दीर मुंबईहून आले होते. ते बघून घाबरलेच. मायेपोटीच, पण भर गावकीत बोलले, "दादाचा रक्त पातळ झालाय. यापुढे दांडा मी घेतो." हे तिथून उठले. घरी येऊन न जेवता पडून राहिले. शेवटी गावकीत ठरलं ते असं : पुढच्या वर्षी दादा घेईल, पण खांदा पुन्हा तसाच झाला तर मान धाकट्याकडे.

वर्षभर त्या ठरावाचा आमच्या घरात उच्चार झाला नाही. होळी जवळ आली तेव्हा एके दिवशी हे म्हणाले, "माझ्या गोळ्या माझ्याकडे दे. मी घेईन. ल्हान पोर हाय काय मी?" मला बरंच वाटलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणायचं.

पालखी आमच्या घरापुढच्या खळ्यात आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ढोलाचा ठेका इतका एकसारखा पडत होता की मला त्याचा राग आला. यांच्या छातीत त्या वेळी काय चाललं असेल ते मला माहीत होतं. दांडा खांद्यावर घेऊन हे गरगरा फिरत होते, गुडघ्यात वाकत होते, पुन्हा उसळत होते. चेहरा लालबुंद, सदरा अंगाला चिकटलेला. बायका म्हणत होत्या, या वयात काय नाचतात बघा! मी देवीची ओटी भरली आणि एवढंच मागितलं की यांना धडधाकट पार उतरव.

उतरले. हसत उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीतून पंचा गुंडाळून आले आणि शिमग्याला आलेल्या भावाला हाक मारून त्याच्यासमोर उघडे उभे राहिले. खांदा स्वच्छ होता. दांडा घासल्याची जराशी लाली, बास. दीर म्हणाले, "देवीनं राखला रे दादा." त्यांनी हात जोडले, मीही जोडले. डोळे भरून आले माझे. चुलीपाशी जाऊन मी घावनं घालायला घेतली.

तिसरं घावन उलटताना माझा हात थांबला. दाराची कडी घासली तरी ज्या अंगावर डाग उठतो, त्या अंगावर अख्खी पालखी नाचली आणि काहीच उठलं नाही?

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले. "गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

दीर आंघोळीला गेले होते. यांनी न्हाणीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शिमग्यापुरत्या गो. आठवडाभर. आता करतो चालू."

इंजिन धुवायला गाडी बाजूला लावावी तसं सांगत होते. संतापाने मी घरात वळले. डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणे बोलले. आत्ता एकच गोळी द्या, राहिलेल्या भरून काढायला जास्त देऊ नका. पुढचे दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. तोंड वाकडं होतं का, बोलणं अडखळतं का. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एखादा खाली येतो का बघा. काही दिसलं तर मला फोन करत बसू नका, थेट घेऊन या.

दीर मुंबईला गेले. जाताना भावाच्या पाया पडून गेले. त्यांना मी काही सांगितलं नाही, यांनी शपथ घातली होती.

मग आमची कवायत सुरू झाली. चहा देताना हात, जेवायला बसताना हात. हे उंबऱ्याला अडखळले की मी धावत जायचे, आणि बघावं तर चप्पल तुटलेली. बोलणं जड वाटलं तर तोंडात सुपारी. "तू मला मारूनच टाकशील काळजीनं," म्हणायचे. गोळी पुन्हा पोटात जात होती, पण मधल्या दिवसांत आत काय साकळलं असेल ते बाहेर काढायला ती थोडीच जाणार होती? ते आधीच तयार होऊन कुठेतरी थांबलं आहे, असं मला सारखं वाटायचं. आम्ही दोघंही त्याची वाट बघत होतो. यांना ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

पालखी देवळात परत गेली त्या दिवशी दुपारी हे पडवीत बसले होते. पुढच्या वर्षी भोवऱ्यासारखं फिरून दाखवतो म्हणत होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "हात."

मोठा उसासा टाकून त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात समोर ताठ धरले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू उतरू लागला, कुणी न सांगता, आणि मांडीवर येऊन पालथा पडला.

यांचे डोळे मिटलेलेच होते. ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू होतं.

"बघितलंस? दोन्ही कसे ताठ हायत," ते म्हणाले. "खाली घेऊ काय आता?"