मडक्यावरचा पिझ्झा

समुद्र आम्ही नवराबायकोनं एकदाच पाहिला. मी कोराडीच्या वीजघरात कोळशावर कामाला होतो. ऐंशीच्या आसपास कॉलनीतल्या लोकांनी गोव्याची बस केली, तिच्यात आम्हीही बसलो. बायको पाण्यापर्यंत गेलीच नाही. म्हणाली, "पाणीच पाणी आहे. त्यात काय पाहाचं?"

तिनं पाहिलं ते वेगळंच. वाळूच्या कडेला झावळ्यांचं छप्पर घातलेलं एक हॉटेल होतं. तिथं एक गोरा मातीच्या भट्टीत लाकडं जाळून पिझ्झा भाजत होता. पीठ मुठींवर घेऊन फिरवायचा, वर उडवायचा. ही त्याच्यासमोर जी उभी राहिली ती हलेचना.

"काहो, हा तं आपल्यासारखीच लांब रोटी करून राहिला!"

लांब रोटी म्हणजे आमच्याकडे चुलीवर मडकं उपडं ठेवायचं, सैल कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणायची आणि तापलेल्या बुडावर फेकायची. सगळ्यांना नाही जमत. हिला जमायचं. लग्नघरचे लोक तिला मुद्दाम बोलावून न्यायचे.

एक पिझ्झा मागवला. वरचं चीज दातांतून सुटेना.

मी म्हटलं, "याले ना मीठ, ना तिखट."

"तुम्ही चूप बसा. खालून करपलेलं लागते ना, ते पाहा. लाकडाचा वास हाय." कडा तिनं शेवटासाठी ठेवल्या आणि सावकाश खाल्ल्या. निघताना भट्टीकडे बोट दाखवून तिनं गोऱ्याला विचारलं, लाकूड कोणतं? तो नुसता हसला.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं चूल पेटवली. कांदा चिरला, टमाटर चिरले. चीज कुठून आणणार, म्हणून घट्ट साय घेतली. रोटी मडक्यावर फेकली आणि वरून सगळं पसरवलं. आता मडक्याचं बूड गोल. कांदा घसरला, टमाटर घसरले, साय गेली चुलीत. धुरानं दोघांचे डोळे वाहायला लागले.

मी म्हटलं, "डोंगरावर भाजी मांडून राहिली का वं?"

ती राखेकडे पाहत राहिली आणि मग जी हसत सुटली! "अवं माय, त्याची भट्टी आतून सपाट होती!"

ती रोटी आम्ही कच्च्या कांद्यासोबत खाल्ली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "एकदा जाऊन नीट पाहून येऊ ना." कधी पोराची परीक्षा आली, कधी तिचे गुडघे. जाणं झालंच नाही. आणि मग तीच गेली.

आता पोरगा म्हणतो, "बाबा, चला गोव्याला, मी नेतो." मी एकटा जाऊन काय करू? मला तिला त्या भट्टीपुढे परत उभं करायचं होतं. पिझ्झा मला तेव्हाही आवडला नव्हता.

मडकं मागच्या अंगणात आहे. सून विचारते, यात तुळस लावू का? मी नाही म्हणतो. परवा ते चुलीवर उपडं ठेवलं, खाली लाकडं लावली. तापलं का ते ती पाहायची, तसं बुडावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. मडकं रोटीजोगं तापलं होतं. फेकणारे हात नव्हते. लाकडं विझेपर्यंत तिथंच बसून राहिलो.