घोड्यांनी बांधलेला बंगला

बंगल्याचं कुणी कौतुक केलं की आमच्या सगळ्या गल्लीचे चाचा लगेच त्याचं बिंग फोडायचे. "साहेबी काही नाही हो यात. आमचे आजोबा कॅम्पातल्या पलटणीच्या घोड्यांना गवत पुरवायचे. घोड्यांनी खाल्लं, त्यातून हे खांब उभे राहिले!" नगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ती पांढरी इमारत होती. समोर उंच गोल खांब आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथा.

चाचांच्या आजोबांनी कॅम्पात साहेबांचा कुठलासा हॉल पाहिला आणि गवंड्याला त्याच्यासमोर नेऊन उभं केलं, "अस्संच पाहिजे." पण गवंड्याला फाटकाच्या आत कोण सोडणार? त्याने बाहेरून दिसलं तेवढं बांधलं. म्हणून बंगला पुढून विलायती आणि आतून आपल्यासारखा, मधोमध चौक, माजघर, न्हाणीत तांब्याचा बंब. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी ऐटीत सांगितलं, "चाचा, या शैलीला नवअभिजात म्हणतात." ते म्हणाले, "नाव झकास आहे, पण अर्ध्याच घराला लागू पडतं. चल, उरलेल्या अर्ध्यात चहा घेऊ."

चाची गेल्यावर ते तिथे एकटेच राहत. एकुलती लेक कोपरगावला दिली होती. संध्याकाळी गल्लीतली पोरं खांबांखाली क्रिकेट खेळत. मधला खांब म्हणजे स्टंप. आउट की नॉट आउट, याचा निकाल आरामखुर्चीतून चाचा देत आणि हरलेल्या पोरांकडून शिव्या खात. आमच्या पिढीनेही त्यांना तसंच छळलं होतं.

गेल्या दसऱ्याला खांबांना चुन्याचा हात देताना त्यांना माथ्याखाली भेग दिसली. "बघ रे बेटा, तुझ्या कॉलेजात हे शिकवलं असेल." मी शिडीवर चढलो. आतलं लाकूड वाळवीने पार घराच्या छपरापर्यंत पोखरलं होतं. बोट घातलं तर भुगा हातात आला. खाली शिडी धरून चाचा म्हणत होते, "या घरातून आता माझा जनाजाच निघणार, काय?" मी उतरलो आणि म्हणालो, "बघू चाचा, घाई नाही."

घाई होती. मला कळत होतं, पण त्यांना घर सोडा म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्याला मी माया म्हणत होतो. संध्याकाळी त्या रस्त्याने जाणंच मी टाळू लागलो.

संक्रांतीला माथ्याचा पाट्याएवढा तुकडा खाली पडला, नेमका फलंदाज उभा राहतो तिथे. पोरं पतंग उडवायला गेली होती म्हणून वाचली. मी धावत गेलो आणि चाचांना सगळं सांगून टाकलं. ते कोसळतील असं वाटलं होतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दसऱ्यापासून."

"आणि पोरं रोज खाली खेळत होती?"

"हो."

"मला बाहेर काढायचं तुला वाईट वाटलं, होय? अरे, मी म्हातारा माणूस, कुठेही पडून राहीन. त्यांच्या आयांना काय सांगितलं असतंस तू?"

चाचा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढला नाही. लगेच त्यांनी स्वतः खांबांना दोर बांधून वाट अडवली. पुढे माथा उतरवला, खांबही पाडले. लेक न्यायला आली तेव्हा चाचा सगळ्या गल्लीचा निरोप घेऊन गाडीत बसले. माझ्याशी तेवढं बोलले नाहीत.

परवा हिय्या करून कोपरगावला गेलो. अंगणात शेजारच्या म्हाताऱ्याशी त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. "हे कोण पाहुणे?" त्याने विचारलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या नगरचा इंजिनिअर," ते म्हणाले. "बोलतो उशिरा, पण विचारलं तर खोटं बोलत नाही."

आणि सरकून त्यांनी बाकावर मला जागा केली.