कोळणीचं सायलेन

रत्नागिरीच्या बाजारात एक कोळीण बसायची. कोर्टातल्या पट्टेवाल्याकडून तिने एकच इंग्रजी शब्द उचलला होता, 'सायलेन'. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला, टोपलीकडे सरकणाऱ्या मांजराला, मुहूर्त सांगत फिरणाऱ्या भटजींनाही ती तोच ऐकवी.

ती कोर्टात गेली, कारण खोताची नवी मोटार तिच्या पायावरून गेली होती. मोटार येताना मी पाहिली होती, पण ओरडलो नाही. पुढे मला साक्षीला उभं केलं, तेव्हाही तोंड उघडलं नाही. मी खोताच्याच शाळेत मास्तर होतो. तिचा दावा बुडाला आणि पाय कायमचा अधू झाला.

वर्षभराने धीर करून तिच्यासमोर बसलो. "बाई, त्या दिवशी मी सगळं पाहिलं होतं..."

"सायलेन!" बांगड्यांवर पाणी शिंपडत ती ओरडली. "कोर्टात मुका नि बाजारात वकील! बांगडे किती देऊ ते बोला, मास्तर."

शेजारणी फिदीफिदी हसल्या. बांगडे घेऊन मी खाली मान घालून निघालो, तोच मागून तिची हाक आली, "ओ मास्तर, बाजूला व्हा! खोताची मोटार येतेय!"

मी बाजूला झालो. एवढं ओरडणं मलाही जमलं असतं.