कोण कोण येणार, ते विमलताईंना आधी दिसतं

विमलताई देशकरांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी एका गिऱ्हाइकाला थाप मारत असताना. जबलपुरात ओमतीला माझं छोटं दुकान आहे. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि त्या चालत्या राहाव्यात म्हणून सर्व्हरवर भाड्याने जागा घेऊन द्यायची, हा माझा धंदा. ताई त्या दिवशी पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला आल्या होत्या आणि मी फोनवर सांगत होतो, "भैया, आप निश्चिंत रहो, साइट कभी नहीं बैठेगी."

फोन ठेवला तशा ताई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काहून रे, लोक किती येणार ते विचारलंस त्याला?"

"महिन्याला दोनेक हजार येतात, ताई."

"महिन्याचं नाही विचारून राहिली मी. एकदम किती?"

बालाघाटकडून येऊन बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका टेबलावर मोबाइल दुरुस्त करता करता मी हा धंदा शिकलो. साइट किती मोठी आणि महिन्याचे पाहुणे किती, एवढं बघून जागा घ्यायची, हेच मला ठाऊक होतं. एकदम किती, हा प्रश्न मला तोवर कोणी केला नव्हता.

मग कळलं, ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. "लाइनी वर्षभर तेवढ्याच असत," त्या सांगतात, "पण राखीच्या सकाळी सगळ्या बहिणींना एकाच वेळी भाऊ आठवे. तेव्हा सरासरी काय कामाची?" सर्व्हर हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला असेल, पण गर्दी झाली की तो बसतो, बंद पडतो कसा, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

त्यानंतर मी दर नव्या कामाला घमापुरात त्यांच्या गच्चीवर जाऊ लागलो. हिवाळ्यात ऊन असतं, समोर मटाराच्या शेंगांचा ढीग असतो, आणि ताई शेंगा सोलता सोलता डोळे मिटतात. त्यांच्या अंदाजाची रीत ती हीच. मी आकडे सांगायला लागलो की म्हणतात, "थांब. आधी येऊ दे त्यांना." मग त्या बोलू लागतात आणि मलाही दिसायला लागतं. कोणी बस स्टँडवर उभं राहून साइट उघडतंय, कोणी चुलीपाशी. कोणी एकच पान बघून जातंय, कोणी फोटोंमध्ये रमलंय, कोणाचा फोन जुना, कोणाचं नेटवर्क एका काडीचं. हळूहळू सगळी गच्ची न दिसणाऱ्या माणसांनी भरून जाते. खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा दूर गेल्यासारखे वाटतात. बऱ्याच वेळाने ताई डोळे उघडतात आणि विचारतात, "आता सांग, यांतले एका मिनिटात किती? आणि प्रत्येकाच्या हातात तू ओझं किती देऊन राहिला?" एकदम येणारी माणसं आणि पानाचं वजन, या दोन गोष्टी कळल्या की मेमरी किती लागेल, बँडविड्थ किती लागेल, हे कागदावर मांडायला मला पाच मिनिटं पुरतात.

त्या कधी चुकत नाहीत असं लिहिलं तर ताईच रागावतील. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या फोटोंसाठी त्यांनी केवढा तरी सर्व्हर घ्यायला लावला होता. डोळे मिटल्यावर त्यांना अख्खं मराठी जबलपूर दिसलं. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी साइटवर दोनच माणसं, एक मी आणि दुसऱ्या ताई. "चलो, दर्शन तर निवांत झालं," म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

पण त्यांची खरी ओळख मला पटली ती एका नर्सिंग कॉलेजच्या कामात. मुलींच्या वसतिगृहाच्या जागांची यादी साइटवर लागायची होती. वेळ सकाळी दहाची. नाव असलेल्या मुलीने त्याच दिवशी पाचच्या आत साइटवर होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मंडला, डिंडोरीकडच्या खेड्यांतल्या मुलींना ही जागा मिळाली तरच शिक्षण, कारण शहरात खोली घेऊन राहणं त्यांच्या घरच्यांना जमणारं नव्हतं. साइट तासभर जरी बसली असती तर कोणाचं तरी वर्ष गेलं असतं, आणि ते माझ्यामुळे.

मी अर्जांएवढीच माणसं धरली होती. ताईंनी शेंग खाली ठेवली. "आपल्याकडे मुलगी एकटी यादी बघते का रे? नागपूरचा मामा बघेल, रायपूरची आत्या बघेल. फॅमिली ग्रुपवर लिंक गेली की एका मुलीमागे दहा जण धर. आणि नाव दिसलं नाही की तेच दहा जण पुन्हा पुन्हा बघणार." हे मला सुचायला हवं होतं. माझ्या पुतणीच्या निकालाला मी स्वतःच चार वेळा पान उघडलं होतं!

मग ओझ्याची पाळी आली. पहिल्याच पानावर प्राचार्या मॅडमचा मोठा फोटो आणि स्वागताचा व्हिडिओ होता. ताईंनी दोन्ही काढायला लावले. मॅडमचा फोन आला, "भैया, मेरी फोटो कहाँ गई?" मी चाचरायला लागलो तसा ताईंनी फोन घेतला. "मॅडम जी, आपकी फोटो तो लड़कियाँ रोज़ देखेंगी, पहले उनको हॉस्टल में आने दो." पलीकडून हसू आलं. त्या दिवसापुरतं पान नुसतं नावांचं राहिलं, पिसासारखं हलकं.

यादीच्या दिवशी ताई सकाळपासून दुकानात येऊन बसल्या. साइटवर किती जण ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ दहाला सरळ वर चढली. मामा, आत्या, सगळे आले. सर्व्हर हलला नाही. बाराच्या सुमारास रेघ खाली आली आणि आडवी झाली. मी माउस हातात घेतला. मोठा सर्व्हर आता कशाला, लहान करून टाकतो म्हणालो.

"हात काढ," ताई म्हणाल्या.

"ताई, सगळे येऊन गेले."

"ज्यांना येता आलं ते येऊन गेले. ज्यांच्यासाठी हे केलं त्या अजून रस्त्यात आहेत."

मग ताईंनी डोळे मिटले. दुपारभर त्या अधूनमधून पुटपुटत, शेतातून निघाली असेल, भावाकडून फोन घेतला असेल, आता टेकडीवर चढत असेल, वर नेटवर्क येतं ना. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि मला त्या अनोळखी डोंगरावरची पायवाट दिसत होती, तिच्यावरून एक मुलगी फोन छातीशी धरून वर चाललेली. चार वाजून गेले आणि रेघ हलली. एक, मग चार, मग बघता बघता सकाळच्या अर्ध्यापर्यंत. होकारावर होकार येऊ लागले. लहान सर्व्हर असता तर तो नेमका तेव्हा बसला असता.

पाचला वीस मिनिटं असताना दोन मुली राहिल्या होत्या. ताईंनी कॉलेजकडून त्यांचे नंबर मागून घेतले आणि स्वतः फोन लावला. चाळीस वर्षांपूर्वीचा ऑपरेटरचा आवाज त्या दिवशी मी ऐकला, स्वच्छ आणि धीराचा. "बेटा, घबराओ मत, मैं लाइन पर हूँ. अब हरा बटन दबाओ." एकीचा होकार आला. दुसरीचा फोन लागलाच नाही. पाच वाजले. मी मिठाई मागवतो म्हणालो, तर त्या पर्स उचलत एवढंच म्हणाल्या, "एक राहिली रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कॉलेजात जाऊन बसल्या. त्या मुलीची जागा परत मिळाली नाही. ती पुढच्या मुलीला गेली होती आणि तिच्याकडून काढून घ्या, असं ताई म्हणणं शक्यच नव्हतं. पण पुढच्या वर्षापासून होकाराची मुदत तीन दिवसांची झाली, आणि नेटवर्क नसलेल्या मुलींना कॉलेजनेच फोन करायचा, असं ठरलं. राहिलेल्या त्या मुलीने पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या वर्षी पहिल्या तासातच तिचा होकार आला.

माझी मुलगी ताईंशी हिंदीत बोलते, ताई तिला हट्टाने मराठीत उत्तर देतात, आणि दोघींचं छान चालतं. ताईंच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "पापा, उनको क्या कमी है?" खरंच आहे. ताईंचे गुडघे आता जिन्यावर कुरकुरतात, तेवढे सांभाळून राहोत. नजर आणि आवाज आहेत तसेच राहोत. आयुष्य किती मागावं, याचा आकडा मी धरलेला नाही. माझा अंदाज नेहमी कमीच पडतो. नर्मदामैयाने तिच्या मनाने द्यावं, आणि भरपूर द्यावं. कारण ताईंची वाट बघत अजून बरीच माणसं रस्त्यात आहेत.