डाक आवृत्तीतलं सहावं वाक्य

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेत भारत एका गोलने हरला. त्या सामन्याची सहा वाक्यांची बातमी दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एका दैनिकाच्या डाक आवृत्तीत छापून आली. सहावं वाक्य खोटं होतं. ते मी लिहिलं होतं.

हे मी घरी कधी बोललो नाही, कचेरीतही नाही. तुम्हाला आज सांगतोय — आणि सांगतानाही आधी कामाची पद्धत, मग माणसं, असा लांबून येतोय. सवय आहे.

डाक आवृत्ती म्हणजे खेड्यापाड्यांत जाणारा अंक. शहराचा अंक नंतर निघायचा. डाक मात्र संध्याकाळच्या एसटीवर चढवावी लागे, म्हणून तिची पानं पाचच्या सुमारास बंद होत. मी तेव्हा उपसंपादक होतो, उमेदवारीवर. संपादकांचा दंडक होता की, बाहेरच्या बातमीत आपल्या भागातलं नाव असेल तर ते आलंच पाहिजे. वाचक आधी नाव शोधतो, ते म्हणत.

भारताच्या संघात आमचं एक नाव होतं. हणमंत — कडेगावच्या बाजूचा, फौजेतला शिपाई, बचावफळीत खेळणारा. कुस्तीच्या गावातला मुलगा फुटबॉलमध्ये देशाकडून खेळतो, याचं आमच्याकडे अप्रूप होतं. त्याच्यावर मीच तीनदा लिहिलं होतं.

त्या दिवशी पावणेपाचला टेलिप्रिंटरवर तीन ओळी आल्या. भारत पराभूत. गोल शेवटच्या पाच मिनिटांत. सविस्तर नंतर. पान अडलं होतं. जुळणीखात्याचा फोरमन दारात येऊन म्हणाला, "पान लावू का नको, सायेब? यष्टी काय माझी मेव्हणी न्हाई, माझ्यासाठी थांबायला."

तीन ओळींची मी पाच वाक्यं केली. तिथेच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? काहीही नाही. पण नाव यायला हवं होतं. हणमंत आधीचा सामना खेळला होता, म्हणजे हाही खेळला असणार — मी धरून चाललो. लिहिलं, 'ऐन मोक्याच्या क्षणी कडेगावकडील हणमंत चेंडू अडवू शकला नाही आणि त्याच्या चुकीमुळे भारताला पराभव पत्करावा लागला.' वाक्य जमलं, असंही तेव्हा वाटलं.

सविस्तर तार नंतर आली. गुडघा दुखावल्यामुळे हणमंतला मैदानात उतरवलंच नव्हतं. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने शहराच्या अंकातून माझं वाक्य काढलं आणि तारेचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. सांगली शहरात ते वाक्य कुणी वाचलं नाही. खेड्यांनी वाचलं.

सकाळी मी कागद वाचला आणि खणात टाकला. दुरुस्ती छापायची तर संपादकांना सांगावं लागलं असतं, आणि त्याच महिन्यात ते मला कायम करणार होते. याहून मोठं कारण असेल का, म्हणून नंतर पुष्कळ शोधलं. नव्हतं.

हणमंतचे वडील बाबूराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. रोज सकाळी गावच्या थांब्यावरच्या हॉटेलात ते आमचा अंक मोठ्याने वाचून दाखवत. आधी स्वतः चाळून घ्यायची त्यांची पद्धत नव्हती. एसटीतून आलेलं अंकांचं पाकीट फुटलं की थेट वाचन. आमचे तिथले विक्रेते पारीसअण्णा शेजारीच बसत. त्यांनी मला सांगितलं ते असं — सहाव्या वाक्यात मुलाचं नाव आलं तेव्हा सुभेदार अडखळले. मग ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, एकही शब्द न गाळता. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, पोरगं कबड्डीत घालायचं हुतं की वो! निदान समोरच्याचा पाय तरी धरला असता." सगळे हसले. सुभेदारही हसले.

इथवर ती चूक होती. चूक कुणाची होत नाही?

तीन आठवड्यांनी सुभेदार सांगलीला आले. इस्त्रीची खाकी पँट, हातात आमचा अंक आणि एक आंतरदेशीय पत्र. मला वाटलं, भांडायला आले. ते खुर्चीवरही बसले नाहीत.

"आवं सायेब, पोरगं लिवतंय, त्या दिवशी मी मैदानातच नव्हतो. तुमचा पेपर म्हणतोय, हुता. खरं कुणाचं धरू?"

तारेचा कागद माझ्या गुडघ्यापाशी, खणात होता. संपादक शेजारच्या टेबलाशी उभे होते.

मी म्हणालो, "आमच्याकडे आलं तसं छापलंय."

"बास," ते म्हणाले. "तुमी कशापायी खोटं लिवाल?" आणि मला नमस्कार केला. मला — कळतंय ना तुम्हाला? नमस्कार केला आणि गेले.

दिवाळीच्या आधी हणमंत रजेवर आला. एसटीतून उतरला तेव्हा वडील थांब्यावरच होते. लोकही होते, पारीसअण्णाही. सुभेदारांनी त्याला तिथेच थांबवलं. "चेंडू सुटला असंल तर सुटू दे. लय मोठे मोठे चुकत्यात. पण बापाला खोटं लिवलंस? पेपरच्या सायबानं तोंडावर सांगितलंय मला."

हणमंत म्हणाला, "दादा, तुमी पेपराचं खरं मानता, माझं न्हाई?"

"व्हय," सुभेदार म्हणाले.

हणमंतने खाली ठेवलेला होल्डॉल उचलला आणि गाडी पुढच्या गावाहून वळून येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. आई घरात वाट पाहत होती. थांब्यापासून घर दोनशे पावलांवर. गाडी आली आणि तो परत गेला.

हे सांगून पारीसअण्णा मला म्हणाले, "बाप पण ताठ आनि पोरगं पण ताठ, काय करायचं?" मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तोवर मी कायम झालो होतो. आता कुणाची भीती होती? दोनदा पत्र लिहायला घेतलं, मायन्यापुढे गेलो नाही. एकदा तारेचा कागद खिशात घालून कडेगावच्या गाडीत बसलो. विट्याला उतरलो, उसाचा रस प्यायलो, समोर उभी असलेली सांगली गाडी पकडली. हणमंत पुन्हा गावी आल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही. विचारलंही नाही.

दशक संपत आलं तेव्हा माझी बदली साताऱ्याच्या कचेरीत झाली होती. सुभेदारांचे जावई साताऱ्यात नोकरीला होते. एका दुपारी ते सासऱ्यांच्या निधनाची बातमी घेऊन आले. मजकूर सुभेदारांनी आजारपणातच मुलीकडून लिहून घेतला होता, असं त्यांनी सांगितलं. तारखेची जागा तेवढी कोरी होती. खाली ओळ होती, 'त्यांच्या पश्चात पत्नी व एक विवाहित कन्या असा परिवार आहे.'

जावयांना विचारून मी तारीख भरली आणि कागद जुळणीला दिला. बातमी दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर आली.