मूठभर मुरूम

आमचा सायकलवाला टायर देण्याआधी गिऱ्हाइकाकडून त्याच्या वाटेची मूठभर माती मागतो. ती बोटांत चुरडून बघतो, मगच टायर काढतो. आमच्या टेकडीच्या सुट्या मुरमासाठी त्याने मला कायम खोल खाचांचा दिला.

काल टायर बदलायला गेलो, तेव्हा त्याने सवयीने तळहात पुढे केला.

“माती नाही आणली. टेकडीवर पार वरपर्यंत सिमेंट ओतलंय.”

“कोणाला हवं होतं हो ते?”

“आम्हालाच. बूट चिखलाने भरतात म्हणून सोसायटीने अर्ज केला. माझीही सही आहे.”

चिखल नको, घसरणं नको, असं म्हणत म्हणत आम्ही चांगल्या टेकडीचा फुटपाथ करून टाकला.

त्याने रिकामाच हात फडक्याला पुसला आणि गुळगुळीत टायर पुढे ठेवला. टायर निवडायला इतका कमी वेळ त्याला कधीच लागला नव्हता.